घराखाली तळघर खणताना भिंतीतले तडे बुजवूनही पुन्हा का उघडतात?

राहत्या घराखाली तळघर खणायला घेतलं की एक तक्रार हमखास येते. भिंतीला तिरपा तडा जातो, मिस्त्री तो बुजवून देतो, आणि पुढचा खड्डा खणताना तो त्याच जागी पुन्हा उघडतो. मग महागडं क्रॅक-फिलर येतं, जाळी ठोकून प्लास्टर होतं, रंगाचा हात फिरतो. तडा काही ऐकत नाही. फार तर हातभर बाजूला उगवतो. विचारलं की उत्तर मिळतं, 'घर सेट होतंय.'

सेट होणारं घर एकदा बसतं आणि थांबतं. तडा पुन्हा पुन्हा उघडतोय याचा अर्थ खालची हालचाल थांबलेली नाही. त्यामुळे तो कशानं भरायचा हा प्रश्न सगळ्यात शेवटचा. आधी शोधायचं ते एवढंच, की तो वाढतो केव्हा. खड्डा उघडल्या दिवशी? काँक्रीट झाल्यानंतरच्या आठवड्यात? पंप चालू असताना? मधली माती काढल्यावर? की काम संपून काही महिने लोटल्यावर? या प्रत्येक वेळेमागचं कारण वेगळं असतं आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

हे काम मुळात स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या नकाशाशिवाय आणि मातीच्या तपासणीशिवाय चालू असेल, तर खालचं वाचत बसण्याआधी ते थांबवा. दुमजली विटांच्या घराच्या भिंतीतून पायावर दर मीटर लांबीला साधारण ५ ते ८ टन भार उतरतो. त्या भाराखालची माती काढण्याचा निर्णय मुकादमाच्या अंदाजावर सोडायचा नसतो, त्यानं अशी दहा कामं केली असली तरी.

घर रिकामं करायची वेळ

काही खुणा दिसल्या की निदान वगैरे नंतर. तडा डोळ्यांदेखत किंवा काही तासांत रुंदावतोय, काल नीट लागणारं दार आज चौकटीत अडकतंय, टेकू वाकलाय किंवा त्याची पाचर सैल पडलीय, खड्ड्याच्या बाजूची माती ढेकळाढेकळानं सुटतेय, भिंतीतून कडकड आवाज येतोय, तळातून पाण्याबरोबर वाळू उसळतेय. यातलं एक जरी घडलं तरी माणसं खड्ड्यातून आणि घरातूनही बाहेर. अवजारं काढायला कोणी परत उतरायचं नाही. लागून असलेल्या घरातल्यांनाही लगेच सांगायचं; सामाईक भिंत असेल तर धोका त्यांनाही तितकाच आहे.

इंजिनिअरनं पाहून हिरवा कंदील दिला की उघडा खण परत भरून टाकणं हा पुष्कळदा सगळ्यात शहाणपणाचा तातडीचा उपाय असतो. कमी सिमेंटचं काँक्रीट वरून ओतून खड्डा बंद करता येतो, त्यासाठी आत माणूस उतरवावा लागत नाही. केलेलं खोदकाम वाया गेलं म्हणून मालक हळहळतात. हळहळू द्या.

मोजल्याशिवाय बोलू नका

'तडा वाढलाय असं वाटतंय' यावर कोणालाच काही ठरवता येत नाही. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं आडवी खूण करून तारीख लिहा. तड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू बसवा आणि त्यांच्यातलं अंतर व्हर्निअर कॅलिपरनं मोजा. मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंतचा फरक कळतो. एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक असे तीन स्क्रू त्रिकोणात लावले, तर तडा नुसता रुंदावतोय की भिंत खालीही सरकतेय हे वेगळं काढता येतं. जिप्समनं काचेची पट्टी चिकटवायची जुनी पद्धत अजून दिसते. ती फक्त 'हललं' एवढंच सांगते. किती आणि कुठे, ते नाही.

तड्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे भिंतीची पातळी. पाणी भरलेल्या पारदर्शक लेव्हल पाइपनं घराभोवतीच्या ठरावीक खुणा मोजल्या तरी दोनेक मिलिमीटरपर्यंतची घसरण लक्षात येते. जोखमीच्या कामावर ऑटो लेव्हल, म्हणजे दुर्बिणीतून पातळी मोजायचं यंत्र, हवीच. मात्र ज्या खुणेशी तुलना करायची ती खोदकामापासून लांब असली पाहिजे. घराच्याच कोपऱ्यावरची खूण धरून मोजलं आणि सगळं घरच बसत असलं, तर आकडे छान येतात. मोजमाप रोज सकाळी एकाच वेळेला घ्या, कारण उन्हानं भिंत प्रसरण पावते आणि तडा दिवसभरात स्वतःहूनच थोडा कमीजास्त होतो. पहिलं मोजमाप खोदकाम सुरू होण्याआधीचं हवं. तेव्हा न घेतलेलं असेल तर आज घ्या.

रुंदीचा साधारण अर्थ असा लावतात: १ मिमीपर्यंतचा तडा केसासारखा, रंगकामात झाकला जाणारा. ५ मिमीपर्यंत किरकोळ, पण दारं-खिडक्या थोड्या अडकू लागतात. ५ ते १५ मिमी म्हणजे बांधकाम उकरून दुरुस्ती. १५ ते २५ मिमी गंभीर, भिंतीचे भाग काढून पुन्हा बांधायची वेळ. त्यापुढे घराच्या स्थैर्याचाच प्रश्न उभा राहतो. नीट, टप्प्याटप्प्यानं केलेल्या कामातही काही मिलिमीटर हालचाल होतेच, त्यामुळे बारीक तडा दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. रुंदीपेक्षा तिचा वेग पाहा. महिन्याभरात ३ मिमी होऊन थांबलेला तडा मला चालेल. रोज अर्धा मिमी वाढणारा १ मिमीचा तडा चालणार नाही.

तिरप्या तड्यावरून पाया कुठे बसतोय हेही कळतं. तड्यावर मनातल्या मनात काटकोनात एक रेघ ओढा. ती खाली ज्या बाजूला झुकते, त्या बाजूचा पाया सहसा खचत असतो. वर रुंद आणि खाली निमुळता तडा असेल तर भिंतीची टोकं खाली जातायत, खाली रुंद असेल तर मध्य. हे ठोकताळे आहेत. खिडक्यांच्या कोपऱ्यांमुळे चित्र बिघडतं, पण सुरुवात करायला पुरेत.

खड्डा उघडताच वाढणारा तडा

इथे बहुतेक वेळा खणांचा क्रम चुकलेला असतो. जुन्या पायाखाली नवा खोल पाया घालायच्या कामाला अंडरपिनिंग म्हणतात. त्यात भिंतीखालची माती सलग काढत नाहीत. भिंतीची लांबी साधारण १ ते १.२ मीटरच्या खणांत विभागतात आणि एका वेळी थोडेच खण उघडतात, तेही एकमेकांपासून लांबचे. उघड्या खणावरची भिंत कमानीसारखं काम करून भार दोन्ही बाजूंच्या न खणलेल्या मातीवर टाकते. ही माती जागेवर आहे तोवरच हे गणित चालतं.

भिंतीवर रंगानं आकडे टाकायची रीत आहे: १, ३, ५, २, ४, मग पुन्हा १, ३, ५, २, ४. आधी सगळे १ नंबरचे खण खणून, भरून, पक्के करायचे, मग २ नंबरचे, आणि असं ५ पर्यंत. या मांडणीत लागोपाठचे नंबर कधीच शेजारी येत नाहीत आणि एका वेळी भिंतीच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त लांबी आधाराविना राहत नाही.

कागदावर सोपं आहे, साइटवर मोडतं. मजूर रिकामे बसलेत म्हणून पुढचा खण आजच उघडायचा. काँक्रीटची गाडी अर्धी भरून येणार नाही म्हणून चार खण एकदम तयार ठेवायचे. एका भिंतीवर क्रम पाळायचा, पण तिला काटकोनात मिळणाऱ्या भिंतीचा कोपऱ्यालगतचा खणही त्याच दिवशी उघडायचा, म्हणजे कोपरा दोन्हीकडून अधांतरी. हा शेवटचा प्रकार सगळ्यात जास्त निसटतो, कारण प्रत्येक भिंतीचा तक्ता वेगळा पाहिला तर चूक दिसतच नाही. सगळ्या भिंतींचा एकच नकाशा करा आणि खण उघडला, काँक्रीट झालं, पॅकिंग झालं (काँक्रीट आणि जुना पाया यांच्यातली जागा ठासून भरली) अशा तीन तारखा प्रत्येक खणापुढे लिहा. तड्याची वाढ आणि या तारखा शेजारी ठेवल्या की दोषी खण बहुतेकदा लगेच सापडतो.

क्रम बरोबर असूनही तडा वाढत असेल तर जुना पाया पाहा. मातीच्या किंवा चुन्याच्या गाऱ्यातला डबराचा पाया मीटरभर रुंदीवर कमान धरत नाही. खालून माती गेली की त्याचे दगडच गळायला लागतात. तिथे खण ६० ते ७५ सेंमीचे करावे लागतात, आणि आधी पायात ग्राउट, म्हणजे सिमेंटचा पातळ मसाला, भरून तो एकसंध करावा लागतो किंवा भिंत आडव्या तुळयांवर तोलून धरावी लागते. मजूर गळालेले दगड परत कोंबून वर माती लिंपतात. त्या लिंपणाखाली काय आहे ते उकरून बघा.

काँक्रीट झाल्यावर आठवड्याभरात वाढणारा तडा

माझ्या अनुभवात सगळ्यात दुर्लक्षित कारण हेच. खण भरला, काँक्रीट मजबूत झालं, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. भिंतीचा भार मात्र त्या काँक्रीटवर आलेलाच नाही.

ओलं काँक्रीट जुन्या पायाच्या तळाला भिडेपर्यंत भरलं तरी ते तसं राहत नाही. खडी खाली बसते, पाणी वर येतं, माथा खाली जातो. पुढे वाळताना ते आणखी आकसतं. वर केसाएवढी ते काही मिलिमीटरची फट राहते. शेजारचा खण उघडला की भार या नव्या ठोकळ्यावर यायला हवा. मधे फट असल्यामुळे भिंत आधी तेवढी खाली येते आणि मग टेकते. तुमचा तडा म्हणजे ती फट. प्रत्येक खणाला असं होत असल्यानं प्रत्येक खणाबरोबर तडा नव्यानं उघडतो.

म्हणून काँक्रीट जुन्या पायाच्या तळापासून ५० ते ७५ मिमी खालीच थांबवतात. किमान २४ तास गेल्यावर ती जागा ड्रायपॅकनं ठासतात: १ भाग सिमेंट, ३ भाग जाड धारदार वाळू आणि पाणी जेमतेम. मिश्रण मुठीत दाबल्यावर गोळा टिकला पाहिजे, पण बोटांतून पाणी निघता कामा नये. ते थराथरानं आत सरकवून लाकडी ठोकळा आणि हातोड्यानं ठासायचं, मागच्या कडेपासून पुढे येत. थापीनं तोंड गुळगुळीत करून दिलेलं पॅकिंग आत पोकळ असू शकतं. न आकसणारं ग्राउट ओतायची पद्धतही चालते, फक्त हवा बाहेर पडायला वाट ठेवावी लागते. पॅकिंगनंतर पुन्हा निदान २४ ते ४८ तास गेल्याशिवाय शेजारचा खण उघडायचा नाही. थंड आणि दमट हवेत याहून जास्त.

तपासायचं कसं? पॅकिंगच्या तोंडावर हातोडीनं ठोका. भद्द आवाज आला किंवा ४ मिमीची सळई आत घुसली, तर ते पोकळ आहे. तेवढा भाग काढून पुन्हा ठासता येतो, सगळा ठोकळा फोडावा लागत नाही. बरेच तडे एवढ्यानंच थांबतात, हे मालकांना खरं वाटत नाही.

याच गटातलं दुसरं कारण खणाच्या तळाशी असतं. चिकणमातीच्या तळावर पाणी साचलं, त्यात दिवसभर पाय पडले, की वरचा थर लोण्यासारखा मऊ होतो. त्यावर ओतलेलं काँक्रीट घट्ट मातीवर नसून चिखलावर उभं असतं. शेवटची १०० ते १५० मिमी माती काँक्रीटच्या आधी, त्याच दिवशी काढा आणि तळ उघडा पडल्याबरोबर पीसीसीचा, म्हणजे बिनसळयांच्या साध्या काँक्रीटचा, पातळ थर टाका. रात्रभर उघडा राहिलेला ओला तळ सकाळी पुन्हा खरवडल्याशिवाय वापरायचा नाही. मुरमात हा त्रास कमी, पण सुटे खडे आणि भुसभुशीत माती झाडून काढावीच लागते. दोन ठोकळ्यांमध्ये सळयांचे तुकडे किंवा खाचा ठेवून ते एकमेकांत गुंतवलेत ना, हेही याच फेरीत पाहून घ्या.

पंप चालू असताना वाढणारा तडा

पाणी दिसलं की पंप लावायचा, हा सगळ्यांचा पहिला विचार. जमीन घट्ट चिकणमातीची असेल आणि पाणी पाझरापुरतं असेल तर ठीक. बारीक वाळू किंवा गाळाची जमीन असेल, तर पंप पाण्याबरोबर पायाही उपसत असतो.

एक साधी परीक्षा. पंपाच्या नळीतून येणारं पाणी पारदर्शक बरणीत भरून अर्धा तास स्थिर ठेवा. पहिल्या काही मिनिटांचा गढूळपणा चालतो. तासन्‌तास पंप चालूनही प्रत्येक बरणीच्या तळाशी गाळाचा थर बसत असेल तर पंप बंद करून सल्ला घ्या. ती माती कुठून तरी येतेय, आणि ती जागा भिंतीखालची किंवा शेजाऱ्याच्या घराखालची असू शकते. 'मूठभर वाळूनं काय होतंय' असं वाटत असेल तर पिसाचा मनोरा आठवा. १४ हजार टनांहून जड असलेल्या त्या मनोऱ्याचा कल कमी करायला १९९९ ते २००१ या काळात त्याच्या उंच बाजूखालून तिरप्या छिद्रांतून माती काढली गेली. ती सगळी मिळून जेमतेम ३८ घनमीटर होती, आणि तेवढ्यानं मनोरा सुमारे अर्ध्या अंशानं सरळ झाला. तिथे माती मोजूनमापून काढली होती. तुमच्या पंपाला मोजमाप नाही.

दुसरा परिणाम वाळू न येताही होतो. भूजलाची पातळी १ मीटरनं उतरवली की त्याखालच्या मातीच्या कणांवरचा दाब दर चौरस मीटरला जवळपास १ टनानं वाढतो, कारण पाण्यानं उचलून धरलेलं वजन आता कणांवर येतं. मऊ चिकणमाती त्यानं हळूहळू, महिनोन्‌महिने दबत राहते, आणि हा परिणाम तुमच्या कुंपणाशी थांबत नाही. तडा तुमच्याकडे नसून तीन घरं सोडून गेला, असंही घडतं.

पाण्याशी झटापट न करता काम कसं करतात याचं माझं आवडतं उदाहरण इंग्लंडमधल्या विंचेस्टर कॅथेड्रलचं आहे. पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या, मऊ थरावर उभी असलेली ही इमारत खचत होती. पाया खोल न्यायला चर खणले की ते भूजलानं भरत. पाणी उपसलं असतं तर भिंतीच धोक्यात आल्या असत्या. म्हणून विल्यम वॉकर या पाणबुड्यानं १९०६ ते १९११ या काळात ६ मीटरपर्यंत खोल, पाण्यानं भरलेल्या काळोख्या चरांत उतरून हाताच्या चाचपणीवर काँक्रीटच्या २५ हजारांहून जास्त गोण्या रचल्या. तळ असा बंद झाल्यावरच पाणी उपसलं आणि गवंडी खाली उतरले. आज पाणबुडा लागत नाही. आधी ग्राउट भरून मातीचं तोंड बंद करतात, खोदकामाभोवती सलग पायलची (जमिनीत खोल घातलेल्या खांबांची) भिंत घालतात, किंवा गाळणी असलेल्या विहिरींतून पाणी काढतात म्हणजे कण मागे राहतात. क्रम मात्र तोच आहे. आधी वाट बंद, मग उपसा.

हा क्रम मोडला की काय होतं ते जर्मनीतल्या कोलोनमध्ये ३ मार्च २००९ ला दिसलं. मेट्रोच्या खोल खड्ड्याच्या भूमिगत भिंतीतल्या दोषातून पाणी, वाळू आणि खडी आत घुसली आणि शेजारची शहर अभिलेखागाराची इमारत काही मिनिटांत कोसळली. दोन तरुणांचा मृत्यू झाला. ते काम घराच्या तळघराच्या कैक पट मोठं होतं, पण यंत्रणा हीच.

आणि हो, पाणी भूजलच आहे असं धरून चालू नका. घरातले सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर पाहा. सांडपाण्याच्या पाइपात रंग सोडून तो खड्ड्यात उतरतो का ते बघा. पायाशेजारची फुटकी ड्रेनेज लाइन किंवा गळणारा सेप्टिक टँक वर्षानुवर्षं माती मऊ करत असतो, आणि खोदकामाच्या धक्क्यानं त्या पाइपांचे सांधे आणखी सुटतात. हे सापडलं तर उपाय सगळ्यात स्वस्तात होतो.

मधली माती काढल्यावर वाढणारा तडा

चारी बाजूंचं अंडरपिनिंग सुरळीत पार पडलं, एकही तडा नाही. मग मधला मातीचा ढीग काढायला सुरुवात केली आणि तडे गेले, तेही वेगळ्या धर्तीचे: बाहेरच्या फरशीत घराला समांतर रेघ, भिंत आणि जमिनीच्या सांध्यात फट, नव्या भिंतीच्या आतल्या अंगाला आडवा तडा.

भिंतीखालचे ठोकळे आता नुसता वरचा भार पेलत नाहीत. बाहेरच्या मातीला रोखणारी भिंतही तेच आहेत. २.५ मीटर उंचीची कोरडी माती दर मीटर लांबीला सुमारे २.८ टन जोरानं आत ढकलते. तीच माती पाण्यानं भरली तर जोर साडेचार टनांवर जातो. बाहेर गाडी उभी राहत असेल किंवा खणलेल्या मातीचा ढीग तिथेच टाकलेला असेल, तर आणखी भर. तळघराची जमीन, म्हणजे खालचा स्लॅब, पडेपर्यंत या ठोकळ्यांच्या पायथ्याला आतून काही आधार नसतो. आतली माती हाच त्यांचा आधार होता, आणि तोच आपण काढला.

म्हणून मधली माती एकदम उपसत नाहीत. भिंतीलगत मातीचा उतार ठेवून आधी मध्य मोकळा करतात, तिथे स्लॅबचा भाग ओततात, त्यावरून भिंतींना टेकू देतात आणि मग पट्ट्यापट्ट्यांनी उतार काढून स्लॅब भिंतीपर्यंत नेतात. किंवा समोरासमोरच्या भिंतींमध्ये वर-खाली आडवे टेकू घालतात. तडा दिसला तर त्या बाजूला माती परत ढकलून उतार करणं हा पहिला उपाय. मग टेकू. टेकूची टोकं भुसभुशीत मातीवर किंवा एखाद्या विटेवर टेकलेली असतील तर तो टेकू शोभेचा आहे. भार पसरणारी जाड फळी किंवा लोखंडी वेलर (आडवी तुळई) लागतोच. पाचरी रोज सकाळी ठोकून पाहायच्या. मोकळं फिरता येत नाही म्हणून मजूर एखादा टेकू 'तात्पुरता' काढतात, याकडे विशेष लक्ष ठेवा.

काम संपल्यावर काही महिन्यांनी

आता तडा भिंतीत कमी, जमिनीत जास्त. तळघराच्या फरशीचा मध्य फुगतो, मधल्या हलक्या भिंती वर उचलल्या जातात. २.५ मीटर माती काढली म्हणजे खालच्या जमिनीवरचं दर चौरस मीटरला साडेचार टनांच्या आसपासचं वजन उचललं. चिकणमाती या सुटकेनंतर वर येते, आणि फुगणाऱ्या काळ्या मातीत पाणी शिरलं तर आणखी जोरात. हे महिने, कधी वर्षं चालतं. स्लॅबखाली दबणारा थर किंवा पोकळी ठेवून तो भिंतींवर तोलणं, किंवा हा जोर धरून स्लॅबची जाडी आणि सळया ठरवणं, हे आराखड्यातच व्हायला हवं होतं. आता फरशी फोडून नवी घालण्याआधी मोजमाप स्थिर होऊ द्या. नाहीतर नवी फरशीही फुगेल.

पावसाळ्यात फरशी उचलली जात असेल तर संशय पाण्यावर घ्या. बाहेरचं भूजल तळघराच्या तळापेक्षा १.५ मीटर वर असेल तर ते दर चौरस मीटरला दीड टनानं वर ढकलतं. नुसत्या वजनानं तेवढं दाबून धरायला ६० सेंमीहून जाड काँक्रीट लागेल. एवढं कोणी घालत नाही, म्हणून स्लॅब भिंतींत सळयांनी बांधलेला हवा, म्हणजे घराचं वजन कामी येतं. पंपावर विसंबून असलेल्या तळघरात दुसरा पंप, वीज गेल्यावर चालणारी सोय आणि पाणी चढल्याचा भोंगा या तिन्ही गोष्टी हव्यात.

घर कॉलमवर असेल तर

वरचा १-३-५-२-४ चा खेळ सलग भिंतीच्या पायासाठी आहे. कॉलमखालच्या सुट्या फुटिंगला (एकट्या कॉलमच्या पायाला) तो तसाच लावणं घातक आहे. तिथे सगळा भार एका बिंदूवर असतो आणि बाजूला कमान धरायला काही नसतं. फुटिंगची एक बाजू उकरली की ते तिरकं होतं, आणि कॉलमला तडा जायचा तो वरच्या मजल्यावरच्या बीमच्या सांध्यात जातो, जिथे कोणी बघत नाही. तिथे आधी भार जॅक आणि तुळयांवर किंवा मायक्रोपाइलवर (जमिनीत खोल घातलेल्या बारीक खांबांवर) घ्यावा लागतो.

अशा घराला मी बहुतेकदा कमी जागेचं तळघर सुचवतो. फुटिंगच्या खालच्या कडेपासून ४५ अंशांनी खाली जाणारी रेघ काढायची आणि खोदकाम तिच्या पलीकडे, पायापासून दूरच्या बाजूला ठेवायचं. पायाच्या तळापेक्षा १.५ मीटर खोल जायचं तर घट्ट जमिनीत पायापासून निदान १.५ मीटर दूर. सुट्या वाळूत त्याच्या दुप्पट. कडेनं ओट्यासारखी पायरी राहते, खोली लहान होते, पण पायाला हात लागत नाही. सलग भिंतीच्या घरालाही हे चालतं. ज्यांना फक्त सामान ठेवायची जागा हवी आहे, त्यांनी अंडरपिनिंगच्या भानगडीत का पडावं, हे मला आजवर कळलेलं नाही.

खाली उतरणाऱ्यांसाठी

१ घनमीटर मातीचं वजन १.६ ते २ टन भरतं. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस तोंड उघडं असूनही श्वास घेऊ शकत नाही. उघड्या चरात १.५ मीटरनंतर आधार, असा सर्वसाधारण संकेत आहे. घराखाली तो पुरत नाही, कारण डोक्यावर घर आहे. तिथे बाजूंना फळ्यांचा आधार खोलीची वाट न पाहता द्यायचा. उपसलेली माती कडेपासून किमान ६० सेंमी लांब, शक्यतो साइटच्याच बाहेर. बाहेर पडायला दोन वाटा. पेट्रोल-डिझेलचा पंप किंवा जनरेटर तळघरात कधीच नाही, दार उघडं ठेवूनसुद्धा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आतला माणूस कोसळलेला दिसला तर आधी मदत बोलवायची, मागोमाग उतरायचं नाही.

आता तडा भरा

स्लॅब पूर्ण, टेकू निघालेले, आणि स्क्रूमधलं अंतर एक पावसाळा आणि एक उन्हाळा मिळून ऋतूच्या चढउतारापलीकडे बदललेलं नाही, असं दिसलं की भरायची वेळ झाली. १ मिमीपर्यंतचे तडे रंगकामाच्या आधी फिलरनं भरले तरी पुरे. त्याहून मोठ्या तड्यांना विटांच्या सांध्यांतला मसाला खरवडून त्यात तड्याच्या आरपार स्टेनलेस स्टीलच्या सर्पिल सळया ग्राउटमध्ये बसवतात, म्हणजे दोन्ही बाजू पुन्हा एक होतात. चुन्यात बांधलेल्या भिंतीत चुन्याचाच मसाला वापरा. कडक सिमेंट भरलं तर पुढचा तडा त्याच्या कडेनं जाईल. कॉलम-बीमच्या तड्यांत इपॉक्सी भरायचं की आणखी काही करायचं, हे इंजिनिअरनं सांध्याची तपासणी केल्यावर. स्क्रू मात्र काढू नका, रंगानंतरही वर्षभर राहू द्या.